मार्गफलकांचे रंग : एका मनोरंजननगरीचा धडा

रस्त्याच्या कडेला उभा असलेला फलक हेही एक लेखनच होय. परंतु अन्य लेखनाला जी सवलत सहज मिळते, ती या लेखनाला मिळत नाही. ग्रंथातील एखादे वाक्य नीट उमगले नाही, तर वाचक थांबतो, मागचे पान उलटतो आणि पुन्हा वाचतो. फलकाच्या वाचकाला थांबता येत नाही. ताशी 72 किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात 20 मीटर अंतर कापते. फलकावरील अक्षरे 90 मीटरांवरून वाचता येऊ लागली असे धरले, तर तो मागे पडेपर्यंत चालकाच्या हाती साडेचार सेकंद उरतात. एवढ्या अवधीत त्याने फलक हेरावयाचा, वाचावयाचा, त्याचा अर्थ ध्यानात घ्यावयाचा, वळावयाचे की सरळ जावयाचे हे ठरवावयाचे, आणि हे सर्व करीत असता पुढच्या व मागच्या वाहनांवरील लक्ष ढळू द्यावयाचे नाही.

या घाईच्या वाचनात अक्षरांच्या आधी डोळ्यांपर्यंत पोहोचतो तो रंग. अक्षरे ओळखू येण्यापूर्वीच लाल रंग ‘थांबा’ असे सांगून जातो, पिवळा ‘सांभाळा’ असे बजावतो आणि हिरवा किंवा निळा ‘वाट येथून आहे’ असा दिलासा देतो. हे अर्थ रंगांच्या अंगी निसर्गतः असतात असे नाही. माणसांनी ते परस्परसंमतीने ठरविलेले आहेत. भाषेतील शब्दांचे जे आहे, तेच या रंगांचे आहे.

मग प्रश्न असा उद्भवतो की, हे अर्थ बदलण्याचा अधिकार कोणाला असावा? एखाद्या भूभागाचा मालक आपल्या हद्दीतील रस्त्यांवर स्वतःच्या आवडीचे रंग वापरू शकतो काय? प्रस्तुत लेखकाचे मत असे की, दिशा दाखविण्यासाठी त्याने नवा रंग अवश्य निवडावा. मात्र धोक्याच्या व आज्ञेच्या रंगाला त्याने हात लावू नये. या मताची पारख करण्यास अमेरिकेतील एका मनोरंजननगरीचे उदाहरण फार उपयुक्त आहे.

फ्लोरिडातील नगरी

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात, ऑर्लँडो शहराच्या नैर्ऋत्येस, ‘वॉल्ट डिस्ने वर्ल्ड’ ही मनोरंजननगरी 1 ऑक्टोबर 1971 रोजी सुरू झाली. ‘उद्यान’ हा शब्द तिला अपुरा पडतो. तिचा विस्तार सुमारे 100 चौरस किलोमीटर आहे. तीत चार प्रमुख उद्याने, दोन जलक्रीडा-उद्याने आणि वीसहून अधिक हॉटेले आहेत, आणि या सर्वांना जोडणारे मैलोगणती रुंद रस्ते आहेत. एका उद्यानातून दुसऱ्या उद्यानात पायी जाण्याची कल्पना सहसा कोणी करीत नाही. मोटार, बस किंवा एकरुळी गाडी अशा एखाद्या वाहनाचा आधार तेथे बहुधा घ्यावा लागतो.

प्रारंभी एकच उद्यान होते, तोवर पाहुण्याला वाट चुकण्याची फारशी भीती नव्हती. 1982 मध्ये ‘एपकॉट’ हे दुसरे उद्यान आणि 1989 मध्ये चित्रपटसृष्टीवर आधारलेले तिसरे उद्यान सुरू झाल्यावर रस्त्यांचे जाळे गुंतागुंतीचे झाले. त्याच सुमारास नगरीच्या मालकांनी मार्गफलकांची एकसूत्री योजना आखण्याचे काम लॉस एंजेलिस येथील डेबोरा ससमन व पॉल प्रेझा यांच्या संस्थेकडे सोपविले. या पतिपत्नींचे नाव तेव्हा सर्वतोमुखी झालेले होते. 1984 मधील लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या प्रसंगी ससमन यांनी भडक गुलाबी, शेंदरी, पिवळा व पाणनिळा अशा रंगांनी ते विस्तीर्ण शहर सजविले होते. एकमेकांपासून कोसोगणती दूर असलेली क्रीडांगणे एकाच महोत्सवाचा भाग आहेत, ही जाणीव त्या रंगांनी प्रेक्षकांच्या मनात निर्माण केली होती.

फ्लोरिडातील नगरीसाठी त्यांनी जी योजना केली, तीत मार्गफलकांची पार्श्वभूमी जांभळी व लाल होती. तिच्यावर पांढरी अक्षरे, आणि जोडीला पिवळ्या व हिरव्या रंगांचे तुकडे होते. मिकी माऊसच्या दोन कानांची सुपरिचित आकृतीही त्यांत साधून घेतलेली होती. सुमारे तीस वर्षे हे फलक त्या नगरीची ओळख बनून राहिले. 2020 नंतरच्या काळात ते क्रमाक्रमाने काढून त्यांच्या जागी निळ्या पार्श्वभूमीचे फलक लावण्यास प्रारंभ झाला. जुने फलक गेले याची अनेकांना हळहळ वाटली. ती हळहळ समजण्यासारखी आहे. परंतु फलकाची योग्यता आठवणींवरून ठरवावयाची नसते. जांभळ्या रंगाने कोणते काम चांगले केले आणि लाल रंगाने कोणते बिघडविले, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील रस्त्यांवरील रंगांचा संकेत प्रथम समजून घेतला पाहिजे.

रंगांचा सार्वजनिक करार

रस्त्यांवरील चिन्हे सर्वत्र सारखी असावीत, या हेतूने अमेरिकेत 1935 मध्ये एक राष्ट्रीय नियमपुस्तिका सिद्ध झाली. तिच्या आवृत्त्या वेळोवेळी निघत आल्या असून अकरावी आवृत्ती 2023 मध्ये निघाली. तीत प्रत्येक रंगाला एकेक काम नेमून दिलेले आहे. लाल रंग थांबण्यासाठी व निषेधासाठी, पिवळा सावधगिरीसाठी, नारिंगी रस्त्याच्या दुरुस्तीसाठी, हिरवा दिशा व अंतरे दाखविण्यासाठी, निळा इंधन, भोजन, रुग्णालय इत्यादी सोयींसाठी आणि तपकिरी करमणुकीच्या व सांस्कृतिक स्थळांसाठी.

हा करार एका दिवसात झाला नाही. थांबण्याची आज्ञा देणारा अष्टकोनी फलक आज लाल असतो. परंतु 1954 पर्यंत तो अमेरिकेत पिवळा असे व त्यावर काळी अक्षरे असत. लाल रंग अधिक परिणामकारक आहे हे तज्ज्ञांना तेव्हाही ठाऊक होते. परंतु ऊनपावसात वर्षानुवर्षे न विटणारा लाल रंग त्या काळी मिळत नव्हता. रसायनशास्त्राने ती अडचण दूर केली आणि मगच नियम बदलला. आंतरराज्य महामार्गांच्या दिशाफलकांसाठी हिरवा रंग मुक्रर झाला, तोही प्रयोगाअंती. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात मेरीलँड राज्यातील ग्रीनबेल्ट गावाजवळ, वाहतुकीस खुल्या न झालेल्या एका रस्त्यावर, हिरवे, निळे व काळे असे तीन प्रकारचे फलक उभारून चालकांचे मत घेण्यात आले. शेकडा 58 जणांनी हिरव्याला, 27 जणांनी निळ्याला आणि 15 जणांनी काळ्याला पसंती दिली.

या इतिहासावरून एक गोष्ट स्पष्ट होते. सार्वजनिक रंगांची निवड कोणा एकाच्या लहरीवर सोडलेली नव्हती. रसायन, दृष्टिशास्त्र आणि प्रत्यक्ष चालकांचा कौल या तिन्ही कसोट्यांतून ती गेलेली होती. जो कोणी तिच्यापासून दूर जाऊ इच्छितो, त्याच्यावर आपल्या रंगाचे समर्थन याच कसोट्यांवर करण्याची जबाबदारी येते.

जांभळ्या रंगाचे समर्थन

जांभळ्या रंगाच्या बाजूने पहिला मुद्दा असा की, ससमन व प्रेझा यांनी योजना आखली त्या वेळी या रंगाला नियमपुस्तिकेत कोणतेही काम दिलेले नव्हते. भावी गरजेसाठी तो राखून ठेवलेला होता. एखाद्या भाषेत जो शब्द अद्याप कोणत्याही अर्थासाठी रूढ नाही, तो कोणी नव्या अर्थाने वापरला, तर जुन्या अर्थाची हानी होत नाही. तसाच हा प्रकार होता.

दुसरा मुद्दा दृष्टिशास्त्राचा आहे. फ्लोरिडाच्या त्या दमट प्रदेशात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बारमाही हिरवी झाडी आहे. हिरव्या झाडीपुढे हिरवा फलक उभा केला, तर तो शोधण्यास डोळ्यांना थोडे अधिक श्रम पडतात. जांभळा रंग हा हिरव्याच्या विरोधी अंगाचा रंग होय. फ्रान्समधील गोबेलिन येथील रंगशाळेचे संचालक व रसायनशास्त्रज्ञ मिशेल युजेन शेव्हरल यांनी 1839 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे दाखवून दिले आहे की, परस्परपूरक रंग शेजारी ठेवले असता प्रत्येकाचे तेज दुसऱ्यामुळे वाढल्यासारखे भासते. हिरव्या पानांपुढे जांभळा फलक दिवसा जो उठून दिसतो, त्याचे कारण हेच. शिवाय निसर्गात जांभळ्या रंगाचा एवढा मोठा चौकोन सहसा आढळत नाही. म्हणून नजर त्यावर आपोआप खिळते.

गंमत अशी की, त्याच नगरीत रंगाचा नेमका उलट उपयोगही केलेला आहे. गोदामे, कुंपणे, यंत्रांच्या खोल्या अशा ज्या वस्तूंकडे पाहुण्याचे लक्ष जाऊ नये असे वाटते, त्यांना एक विशिष्ट करडसर हिरवा रंग देतात. तेथील लोक त्याला विनोदाने ‘दूर हो हिरवा’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. लपवावयाचे ते झाडीच्या रंगात बुडवावे आणि दाखवावयाचे ते झाडीच्या विरोधी रंगात रंगवावे, हे तत्त्व ज्यांनी इतक्या कसोशीने पाळले, त्यांना रंगाची जाण नव्हती असे कोण म्हणेल?

तिसरा मुद्दा मानसशास्त्रीय आहे. बाहेरच्या महामार्गावर हिरवे फलक पाहत आलेला चालक नगरीच्या हद्दीत शिरताच जांभळे फलक पाहतो. आपण इष्टस्थळी पोहोचलो, आता वेग कमी करावयास हरकत नाही, येथील रस्त्यांची नावे वेगळी असतील, हे त्याला एक शब्दही न वाचता कळते. ज्या शंभर चौरस किलोमीटरांच्या प्रदेशात डोळ्यांना दिसेल अशी वेस नाही, तेथे फलकांच्या रंगाने वेशीचे काम केले.

सायंकाळची परीक्षा

दिवसाच्या परीक्षेत जांभळा रंग उत्तीर्ण झाला. तथापि सायंकाळची परीक्षा अधिक कठीण असते. उद्याने बंद झाल्यावर हजारो कुटुंबे थकून, झोपाळलेली मुले बरोबर घेऊन, अंधारातच परत निघतात.

आपल्या दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी भरपूर उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. दांड्याच्या आकाराच्या पेशी मंद उजेडात काम करतात. त्यांना रंगांचा भेद कळत नाही. शंकुपेशींची संवेदनक्षमता एकंदरीत 555 नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे पिवळसर हिरव्या प्रकाशाला सर्वांत अधिक असते. दंडपेशींची ती 507 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळसर हिरव्या प्रकाशाला सर्वांत अधिक असते. तांबड्या प्रकाशाला दंडपेशी जवळजवळ दाद देत नाहीत. यामुळे दिवस मावळू लागला की तांबड्या वस्तू प्रथम काळवंडतात आणि निळ्या-हिरव्या वस्तू त्या मानाने उजळ भासतात. बोहेमियाचे शरीरशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे प्रथम नोंदले, म्हणून या घटनेला त्यांचे नाव मिळाले आहे. शाळेतील विद्यार्थ्यांना हा प्रयोग सहज करता येईल. दिवसा सारखेच उजळ दिसणारे एक लाल व एक निळे कागद भिंतीवर लावावेत आणि दिवा न लावता सूर्यास्तानंतर ते पाहत राहावे. लाल कागद आधी काळा पडलेला दिसेल.

जांभळा रंग इंद्रधनुष्याच्या दोन टोकांकडील, म्हणजे तांबडा व निळा प्रकाश परत फेकतो आणि मधला हिरवा भाग गिळून टाकतो. दंडपेशींना जो भाग सर्वांत प्रिय, तोच नेमका येथे उणा असतो. सबब, संधिप्रकाशात जांभळा फलक जवळजवळ काळा भासतो. यात एक लाभ आहे आणि एक तोटा. पार्श्वभूमी गडद झाल्याने तिच्यावरील पांढरी अक्षरे अधिक स्पष्ट दिसतात, हा लाभ. परंतु फलक मुळात आहे कोठे, हे काळोख्या झाडीपुढे शोधणे अवघड होते, हा तोटा. फलक ‘सापडणे’ आणि फलक ‘वाचता येणे’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. दिवसा जांभळा रंग पहिल्या गोष्टीत श्रेष्ठ ठरतो, तर रात्री केवळ दुसरीत.

या तोट्यावर उपाय आहे. आधुनिक फलकांवर काचेचे सूक्ष्म मणी किंवा बारीक लोलक बसविलेला पृष्ठभाग असतो. त्यावर पडलेला दिव्याचा झोत इतस्ततः न विखुरता जेथून आला त्याच दिशेने, म्हणजे वाहनाकडे, परत जातो. अशा पृष्ठभागाची पांढरी अक्षरे व पांढरी किनार असली, तर गडद फलकही दुरून ओळखता येतो. येथे वाचकाचे वयही लक्षात घ्यावे लागते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत पोहोचणारा प्रकाश विशीतील तरुणाच्या मानाने सुमारे एकतृतीयांश असतो, कारण बाहुली लहान होते आणि डोळ्यातील भिंग पिवळे पडते. अमेरिकेतील नियमपुस्तिकेत पूर्वी असे गृहीत धरीत की, एक इंच उंचीचे अक्षर 50 फुटांवरून वाचता येते. पुढे तो आकडा 40 फुटांवर आणि 2009 च्या आवृत्तीत 30 फुटांवर आणला गेला. दहा इंची अक्षरासाठी हे अंतर 500 फुटांवरून 300 फुटांवर, म्हणजे सुमारे 90 मीटरांवर आले. अक्षर तेच राहिले, परंतु त्याचा वाचक कोण हे नियमकर्त्यांनी नव्याने पाहिले. तेथील मनोरंजननगरीत नातवंडांना घेऊन येणारे आजीआजोबा हेच असे वाचक आहेत.

लाल रंगाचा अपराध

येथवर जांभळ्या रंगाचा पक्ष घेतला; परंतु त्याच्या सोबत्याविषयी मात्र तसे म्हणता येत नाही. दिशादर्शक फलकावर लाल पार्श्वभूमी वापरणे ही त्या योजनेतील चूक होती, असे आमचे स्पष्ट मत आहे.

लाल रंगाचे सामर्थ्य त्याच्या तेजात जेवढे आहे, तेवढेच त्याच्या दुर्मिळतेत आहे. रस्त्यावर लाल फलक क्वचितच दिसतो, म्हणून तो दिसताच पाय आपोआप गतिरोधकाकडे जातो. ही सवय चालकाच्या अंगी वर्षानुवर्षांच्या अभ्यासाने मुरलेली असते आणि तिच्यावर प्राण अवलंबून असतात. जेव्हा एखादा लाल फलक ‘थांबा’ न म्हणता ‘हॉटेले डावीकडे’ असे सांगू लागतो, तेव्हा ती सवय किंचित झिजते. दहा लाल फलकांपैकी नऊ जर निरुपद्रवी असतील, तर दहाव्याकडे पाहण्यात तत्परता कशी राहणार? ‘लांडगा आला’ म्हणून ओरडणाऱ्या मुलाची गोष्ट आपल्या बालवाचनात असते. लाल रंगाची उधळपट्टी हा त्याच गोष्टीचा एक प्रकार होय.

दुसरा दोष लाल व जांभळ्याच्या सान्निध्याचा आहे. या दोन रंगांच्या उजळपणात फारसा फरक नसतो. दोन पृष्ठभागांच्या उजळपणात अंतर असले की डोळ्याला त्यांची सीमारेषा स्पष्ट दिसते. केवळ रंग वेगळा असून भागत नाही. त्यातही उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांमध्ये शेकडा सुमारे 8 पुरुषांना तांबड्या-हिरव्या रंगांचा भेद नीट कळत नाही. स्त्रियांत हे प्रमाण शेकडा अर्ध्याच्या आसपास आहे. त्यांच्यापैकी ज्यांची तांबड्याची जाणीवच लोपलेली असते, त्यांना लाल पट्टा काळसर तपकिरी आणि जांभळा पट्टा निळसर दिसतो. अशा पाहुण्याला ‘लाल पट्ट्याकडे पाहा’ असे सांगणे व्यर्थ होय. अष्टकोनी फलकाचे शहाणपण येथे ध्यानात येते. त्याचा रंग न ओळखणाराही त्याचा आकार ओळखतो. जेथे आज्ञा द्यावयाची, तेथे ती रंग, आकार व शब्द अशा तिन्ही मार्गांनी द्यावी, म्हणजे एक मार्ग बंद झाला तरी दुसरा उघडा राहतो.

यावर कोणी असा आक्षेप घेईल की, हे फलक तीस वर्षे उभे होते आणि लक्षावधी लोक त्यांच्या आधाराने सुखरूप जाऊन आले. मग दोष कोठे आहे? आक्षेप रास्त आहे आणि त्या फलकांमुळे अमुक अपघात झाले असे आमचे म्हणणे नाही. परंतु सुरक्षिततेची व्यवस्था नित्याच्या प्रवाशासाठी आखावयाची नसते. नित्याचा प्रवासी फलक न पाहताही वाट काढतो. या नगरीत येणाऱ्यांपैकी पुष्कळजण तेथे प्रथमच आलेले, काही परदेशांतून आलेले, भाड्याची अपरिचित मोटार चालविणारे असतात. त्यांच्यापाशी फक्त एकच भांडवल असते, ते म्हणजे अन्यत्र शिकलेला रंगांचा अर्थ. तेवढे तरी त्यांच्यापासून हिरावून घेऊ नये.

रस्ता कोणाचा?

या वादाच्या मुळाशी मालकीचा प्रश्न आहे. 1967 मध्ये फ्लोरिडाच्या विधिमंडळाने या प्रदेशासाठी ‘रीडी क्रीक सुधारणा जिल्हा’ ही स्वतंत्र स्थानिक संस्था निर्माण केली आणि रस्ते, पाणी, अग्निशमन इत्यादी कामे तिच्याकडे दिली. त्या संस्थेवर दीर्घकाळ मनोरंजननगरीच्या मालकांचेच वर्चस्व होते. 2023 मध्ये राज्याने तिचे नाव व तिच्या संचालकांच्या नेमणुकीची पद्धत बदलली. त्या राजकीय वादात शिरण्याचे येथे कारण नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एवढीच की, 2009 च्या राष्ट्रीय नियमपुस्तिकेने व्यापारी संकुले, विमानतळ, क्रीडांगणे व करमणुकीची स्थळे यांतील जे खाजगी रस्ते जनतेला मुक्तपणे खुले असतात, त्यांनाही आपल्या कक्षेत घेतले. जमीन कोणाची हे विचारू नका, तेथून कोण जातो ते पाहा, असा त्या नियमाचा आशय आहे. आणि तो न्याय्य आहे.

याच आवृत्तीत जांभळ्या रंगाचेही भाग्य बदलले. राखून ठेवलेल्या या रंगाला आता काम मिळाले : ज्या मार्गिकांवर केवळ विद्युत्‌-यंत्रणेने पथकर भरणाऱ्या नोंदणीकृत वाहनांनाच प्रवेश असतो, त्यांची खूण म्हणून तो मुक्रर झाला. मनोरंजननगरीच्या परिसरातून पथकर घेणारे महामार्ग जातात. जो शब्द कालपर्यंत कोणाचाच नव्हता, तो आज सर्वांच्या भाषेत एका निश्चित अर्थाने दाखल झाला आहे. अशा वेळी जुन्या खाजगी अर्थाने त्याला कवटाळून बसणे योग्य नव्हे. नगरीने जांभळा रंग कोणत्या कारणाने सोडला असो, तो सोडण्यास पुरेसे शास्त्रीय कारण उपलब्ध होते, असे म्हणता येईल. त्याच्या जागी आलेल्या निळ्यालाही प्रवाशांच्या सोयी दाखविण्याचे काम आधीपासून दिलेले आहे. परंतु आतिथ्य आणि सोय हे अर्थ परस्परांपासून फार दूर नाहीत. त्यामुळे येथे होणारा गोंधळ लाल रंगाइतका घातक ठरणार नाही.

अनुवादाच्या व्यवसायात असणाऱ्यांना हा प्रश्न परका नाही. शास्त्रीय ग्रंथाचे भाषांतर करताना एखादी पारिभाषिक संज्ञा रुक्ष वाटते आणि तिच्याऐवजी अधिक मधुर शब्द योजावा, असा मोह होतो. परंतु एका लेखकाने ‘वेग’ व ‘गती’ यांचे अर्थ आपल्यापुरते उलटेसुलटे केले, तर त्याचे पुस्तक वाचून परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्याची फसगत होते. लेखकाचे स्वातंत्र्य वाक्यरचनेत, दृष्टांतात, निवेदनाच्या ओघात असते, संज्ञेत नसते. मार्गफलकांच्या रचनाकारालाही हीच मर्यादा लागू आहे.

या मर्यादेमुळे सौंदर्याला वाव उरत नाही, असे मात्र समजू नये. इंग्लंडमधील उदाहरण पाहावे. तेथे जॉक किनीर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी 1950 व 1960 च्या दशकांत मोटारमार्गांची व नंतर सर्व रस्त्यांची चिन्हे सरकारी समित्यांच्या देखरेखीखाली तयार केली आणि 1 जानेवारी 1965 पासून ती देशभर अमलात आली. रंग व आकार ठरवून दिलेले असूनही अक्षरांची वळणे, दोन अक्षरांमधील मोकळी जागा, शाळेजवळच्या फलकावर धाकट्याचा हात धरून निघालेली मुलगी, या सर्वांत त्यांनी असे सौष्ठव ओतले की त्यांची गणना त्या शतकातील उत्तम कलाकृतींत होते. बंधन पाळूनही कला फुलू शकते, याहून अधिक पुरावा कशाला हवा?

आपल्याकडील विचार

आपल्या देशातही मार्गचिन्हांना कायद्याचे अधिष्ठान आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 याच्या अनुसूचीत ती दिलेली आहेत, आणि इंडियन रोड्स काँग्रेसच्या 67 क्रमांकाच्या संहितेत त्यांची मापे व रंग यांचे तपशील आहेत. लाल कडेचे वर्तुळ आज्ञा देते, लाल कडेचा त्रिकोण सावध करतो, निळा आयत माहिती पुरवितो. परंतु आता देशात सर्वत्र मोठमोठी खाजगी वसाहतक्षेत्रे, विद्यापीठांची आवारे, तीर्थक्षेत्रांची संकुले आणि मनोरंजन-उद्याने उभी राहत आहेत. त्यांच्या आतील रस्त्यांवर कोणते रंग असावेत, हा प्रश्न आपल्यापुढेही आहे.

त्यात आपली एक विशेष अडचण आहे. अक्षराच्या उंचीवरून वाचनाचे अंतर काढण्याचे वर सांगितलेले सूत्र रोमन लिपीसाठी बनलेले आहे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा व अनुस्वार, आणि खाली उकार व जोडाक्षरे येतात. ‘किल्ला’ आणि ‘कल्ला’ यांतील फरक एका बारीक वेलांटीचा; ती दुरून पुसट झाली की शब्दच बदलतो. म्हणून फलकाची उंची तीच ठेवून अक्षरे कोंबली, तर वाचनाचे अंतर घटते. ज्या देशात एकाच फलकावर दोन-तीन लिपी मांडाव्या लागतात, तेथे रंग आणि आकार यांच्यावर अधिक भार पडतो. आणि म्हणूनच त्यांच्या अर्थाशी खेळ करणे आपल्याला इतरांहून अधिक महाग पडेल.

यास्तव खाजगी आवाराच्या रचनाकारांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. थांबणे, मनाई व धोका यांची चिन्हे सार्वजनिक नियमांप्रमाणेच असावीत; त्यांत अलंकरण नको. दिशादर्शक फलकांना स्वतंत्र रंग अवश्य द्यावा, परंतु तो नियमाने दुसऱ्या कामाला न लावलेला आणि आजूबाजूच्या सृष्टीतून वेगळा दिसणारा असावा. आणि कोणताही फलक कायम करण्यापूर्वी तो रचनाकाराच्या मेजावर न तपासता, पावसाळी रात्री, वाहनाच्या दिव्यांत, एखाद्या वयस्कर आणि परक्या गावच्या चालकाकडून वाचवून घ्यावा. त्याला तो वेळेवर वाचता आला, तरच तो सुंदर म्हणावा.

मनोरंजननगरीत पाहुणा जातो तो घटकाभर वास्तवाचा विसर पडावा म्हणून. तेथील राजवाडे खोटे असले तरी त्यात कोणाची हानी नाही. परंतु राजवाड्यापर्यंत नेणारा रस्ता खरा असतो, त्यावरून धावणाऱ्या मोटारीचे वजन खरे असते आणि तीत बसलेली माणसेही खरीच असतात. म्हणून त्या रस्त्यावरील लाल रंगाला जगभर जो अर्थ आहे, तोच तेथेही असला पाहिजे.